मालक म्हणून सही केली तेव्हा

७ जानेवारी
आज पुन्हा भाडं नाही! सकाळपासून कंपनीच्या आवारात ट्रकमध्ये बसून आहे. भाडी वाटणारा आमचा साखरतोंड्या खिडकीतून हात हलवून म्हणतो, "बघतो की तुमचं, शेठ!" शेठ म्हणे. चार वर्षं हप्ते भरतोय, आता सहाच महिने राहिलेत, मग गाडी माझ्या नावावर. तोवर गाडी कंपनीची, डिझेल माझं, टायर माझे, विमा माझा. खर्चाच्या वेळी मी मालक, हुकमाच्या वेळी नोकर.

८ जानेवारी
आठवड्याचा हिशोब मिळाला. हप्ता, विमा, आवारात गाडी उभी करण्याचं भाडं, दुरुस्तीच्या राखीव फंडाची कपात. सगळं वजा जाता हातात जे पडलं, तेवढ्यात बायकोने किराणा आणला आणि उरलेली चिल्लर माझ्यापुढे ठेवली. "घ्या, मालक." हसली नाही.

१२ जानेवारी
दुसऱ्या कंपनीचा माल भरू का, असं विचारलं. साखरतोंड्या म्हणाला, "करारात बसत नाही हो. आपली गाडी, आपलाच माल." म्हणजे आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

१९ जानेवारी
चढावर इंजिन बसलं. काळा धूर, मग काहीच नाही. टोचन लावून आणली. कंपनीच्या गॅरेजवाल्याने आकडा सांगितला तो मी दोनदा विचारून घेतला. फंडात तेवढे पैसे नाहीत. आणि नंबर लागायला महिना. महिनाभर गाडी उभी, हप्ता मात्र चालू.

२१ जानेवारी
बायकोने कपाटातून डबा काढला. शिवणकारखान्यात जादा वेळ बसून साठवलेले पैसे. मी नको म्हटलं. फार जोर लावून नाही म्हटलं, हे खरं. म्हणाली, "गाडी विकत घेताना जामीन म्हणून माझीही सही आहे. बुडालात तर पगार माझाच कापतील. घ्या मुकाट्याने."

३० जानेवारी
माझ्या ओळखीच्या मिस्त्रीने निम्म्या पैशांत इंजिन उघडून पुन्हा बांधलं. सच्चा माणूस. प्रत्येक जुना पार्ट माझ्या हातात देऊन दाखवला. आज मोठ्या रस्त्यावर गाडी नेली – काय ओढते! आवाज असा की ऐकत राहावं. मी मोठ्याने गात होतो. चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं, ही माझी आहे.

६ फेब्रुवारी
मॅनेजरने बोलावलं. माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाला, "बाहेर इंजिन उघडलंत? करार वाचला नव्हता का?" दुरुस्ती फक्त कंपनीच्या गॅरेजात, नाहीतर राखीव फंड जप्त. चार वर्षांची कपात गेली! मी म्हटलं, साहेब, गाडी चांगलीच केली ना मी? "चांगलीच केलीत. प्रश्न तो नाही."

मी भांडलो नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलंय. धन्यवाद म्हणून बाहेर आलो, धन्यवाद!

१४ फेब्रुवारी
या आठवड्यात एकच भाडं, तेही जवळचं. डिझेलही सुटलं नाही.

१७ फेब्रुवारी
आवारातल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला आम्ही मामा म्हणतो. आज चहा पिता पिता सहज म्हणाला, "ही गाडी होय? हिच्यावर तुझ्याआधी दोघे मालक होऊन गेलेत. शेवटचे हप्ते आले की भाडी आटतात बाबा." मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? "सांगितलं होतं. तू म्हणालास, ते आळशी असतील."

म्हणालो होतो खरं. आता आठवतंय.

२६ फेब्रुवारी
दोन हप्ते थकले. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. झोप नाही. बायकोशी बोलणं नाही, म्हणजे ती बोलते, मी हं म्हणतो.

४ मार्च
नेली गाडी. किल्ली मीच दिली. गादी, पाण्याचा कॅन, बायकोने शिवलेला पडदा एवढं पोत्यात भरून बसने घरी आलो. शेजाऱ्याने विचारलं, "आज पायी?" वाटलं, पोतं त्याच्या डोक्यात घालावं.

इंजिन माझ्या बायकोच्या पैशांचं आहे त्यात! तेही गेलं. वर थकबाकी उरलीच आहे, पुढच्या महिन्यापासून तिच्या पगारातून कापणार.

६ मार्च
मॅनेजरचा फोन. आवाज मधाळ. "एक वाट आहे. तुमच्या जागी करार घेणारा माणूस आणा. थकबाकी माफ, बाईंची जामीनकी मोकळी." मी फोन आपटला. मग बायकोला सांगितलं. सांगायलाच नको होतं.

९ मार्च
बायकोचा धाकटा भाऊ येऊन गेला. दुसऱ्याची व्हॅन पगारावर चालवतो, स्वतःची गाडी हवी म्हणून कधीचा झुरतोय. मी त्याला बोलावलं नव्हतं. म्हणाला, "भावोजी, तुम्ही बाहेर इंजिन उघडलंत तिथे चुकलात. मी नाही चुकणार." मी त्याला सगळं सांगणार होतो. उद्या सांगेन.

११ मार्च
मेहुणा कराराचे कागद घेऊन आला. आमच्याच टेबलावर बसला. एवढंच विचारलं, "भाडी मिळतात ना नीट?" मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. बायको पोळपाट पुसत होती. वर न बघता म्हणाली, "मिळतात रे. ह्यांनाच जमलं नाही."

त्याने सही केली.