पवनेत न गेलेला टाक

।। श्री ।।
चिंचवड स्टेशन,
ता. १८ नोव्हेंबर १९५६

ती. गं. भा. कुशाआक्कास,
धर्माजीचा शि. सा. न. वि. वि.

मी हातीपायी धड आहे, तुझी खुशाली कळव. हे पत्र सूनबाई इंदू तुला वाचून दाखवील, तेव्हा आधी तिला शपथ घाल आणि दार लावून घे.

आक्का, मी फार भ्यालो आहे. तुझ्या शेजारची ठकुबाई दसऱ्याआधी तुझं नाव सांगत दुकानात आली होती. तिचा थोरला बिरू लग्नाआधीच वारला, त्याच्या नावाचा, चेहरा उठवलेला चांदीचा टाक तिच्या देव्हाऱ्यात होता. इतकी वर्षं रोज धुऊन पुसून त्याचे नाक-डोळे पार गेले, म्हणून घरच्यांनी नवा करून घेतला. मग जुना पाण्यात सोडायला हवा. पण इंद्रायणीवर ती रोज घागर भरते, त्याच पाण्यात त्याला कसं सोडू म्हणाली. तुम्ही तुमच्या पवनेत सोडा. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घाटावर जाणारच होतो. टाक गल्ल्यावर ठेवला होता, तेवढ्यात पुण्याचे नानासाहेब आले. हे आमचं मोठं गिऱ्हाईक, जुने टाक जमवतात. आमचा हा जुन्या चीजवस्तूंचा धंदा कसा उलटा आहे पाहा. गावची माणसं म्हणतात, देवाचा चेहरा ठसठशीत हवा. नानासाहेबांना तो पुसलेला हवा, जितका झिजलेला तितका खरा. एक बाई जुनी समई घेऊन गेली आणि आठवड्यानं परत घेऊन आली, जुनी असूनही नवीइतकंच तेल पिते म्हणून. एकानं राणीछाप रुपया आणला, त्या एका रुपयाच्या बदल्यात त्याला बैलजोडी हवी होती. मी सगळ्यांना हो हो करतो. नाही म्हणायचं झालं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. नानासाहेबांनी बिरूचा टाक उचलला, त्यावरून अंगठा फिरवला, अशीच वस्तू शोधत होतो म्हणाले, गाव विचारून घेतलं आणि खिशात घातला. हा विकायचा नाही, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

परवा ठकुबाई पुन्हा आली. धाकटा मुरारी तापानं पडला आहे. देवऋषी सांगतो की थोरला वाटेत अडकला आहे. सोडला ना, असं तिनं विचारलं. मी सोडला म्हणालो. आता अमावास्येला येते म्हणाली, जागा दाखवा, तिथं नारळ सोडते. आक्का, मुरारीला काही झालं तर? दुकानात एकट्यानं बसवत नाही. टाकांच्या फळीवर फडकं टाकलं, तर फडक्याखाली काय चाललं असेल याची भीती वाटते. तिकडे यावं तर तिची भिंत तुझ्या भिंतीला लागून. काय करू ते उलट टपाली कळव.

वाचून फाडून टाक. माया आहे ती हे वाचूनही आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
धर्माजी


।। श्री ।।
चऱ्होली,
ता. २२ नोव्हेंबर १९५६

चि. धर्माजीस कुशाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. मी सांगते आहे, इंदू लिहिते आहे. तोंडल्याच्या वेलाला साप समजून तू धोतर टाकून पळाला होतास, ते तिला सांगितलं. मघापासून हसते आहे.

पण ही गोष्ट हसण्याची नाही. ठकुबाईला तुझ्याकडे मी पाठवलं होतं, भाऊ माझा भोळा आहे म्हणून. दुकानातला दुसरा एखादा टाक नदीत टाकून तीच जागा दाखवावी, असं तुझ्या मनात आलं असणार. मी तुला ओळखते. तसं करू नकोस.

मुरारीला पिंपरीच्या डॉक्टरांनी सुया टोचल्या, ताप अजून हटत नाही. ठकुबाई नव्या टाकाला पाणी घालते, पण पुसताना तिचा हात अडतो. नव्याला नाक आहे, ते बोटाला टोचतं म्हणाली. हे ऐकल्यापासून मलाही झोप नाही. नानासाहेबांकडून टाक परत माग. अमावास्येची वाट पाहू नकोस.

पोटात अन्न घालत जा. आशीर्वाद आहेतच, तू तेवढा खरं बोल.

तुझी आक्का


।। श्री ।।
चिंचवड स्टेशन,
ता. १ डिसेंबर १९५६

ती. गं. भा. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मनातलं खरं होतं. एक टाक मी घाटापर्यंत नेलाही होता, हात पुढे होईना, तसाच परत आणला.

नानासाहेबांना लिहिलं. त्यांचं कार्ड आलं, यंदा पुष्कळ टाक घेतले, येऊन तुमचा ओळखून न्या. पण मी तो ओळखू कसा? झिजलेले सगळे सारखेच, आणि बिरूचा टाक मी पाहिला तो घटकाभर. ओळखणारी एकच, ठकुबाई. म्हणून तिला निरोप धाडला. ती आली, तेव्हा दाराकडे पाठ करून, जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. आता शाप देईल, डोक्यात काही घालील, असं वाटत होतं. ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "पाण्यात न्हाई न्हवं टाकलासा? मग हाय तर माजं लेकरू."

तसेच गाडीनं पुण्याला गेलो. नानासाहेबांनी मखमलीची पेटी उघडली. प्रत्येक टाकाच्या पाठीला त्यांनी गावाचं नाव लिहून चिठ्ठी चिकटवली आहे. ते चष्मा शोधत होते, तोवर तिनं हात घातला आणि एक उचलून छातीशी धरला. ह्योच, म्हणाली. नानासाहेबांनी बघू म्हणून घेतला, उलटा केला. आक्का, मी जोडाक्षराला अडखळतो, पण चिठ्ठीवरच्या सासवडमध्ये जोडाक्षर नाही.

मी नानासाहेबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ती पदर पसरून उभी होती. नानासाहेबांनी नखानं चिठ्ठी खरवडली, टाक धोतराला पुसला आणि तिच्या पदरात घातला. मोबदला घेतला नाही. ती चपला घालायला बाहेर गेली, तेव्हा पेटीतला दुसरा एक उलटा करून त्यांनी मला दाखवला. त्यावर चऱ्होली होतं. मग पेटी मिटली.

गाडीत ती सगळा वेळ पदराशी बोलत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. कोणाचं पोर कोणाच्या घरात घातलं मी? आणि तिचं तिथं अंधारात. खऱ्यानं सुटेन असं वाटलं होतं, आता तर दुप्पट भीती वाटते. तिला सांगू का? तुझ्या शब्दावर आहे.

रागावलीस तरी आपला म्हण.

धर्माजी


।। श्री ।।
चऱ्होली,
ता. ५ डिसेंबर १९५६

चि. धर्माजीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुरारीचा ताप उतरला. डॉक्टर सुयांमुळे म्हणतात, ठकुबाई तिचं म्हणते. काल पेज प्याला.

तिला सांगू नकोस. काल मी बघायला गेले होते. पुण्याहून आणलेला तळहातावर घेऊन, कोमट पाण्यानं हळू हळू धूत होती. तो सासवडच्या ज्या घरचा असेल, त्यांनी त्याला विकून टाकलं. आता कोणी तरी न्हाऊ घालतं आहे. त्याचं मला भय वाटत नाही.

भय वाटतं ते पेटीतल्याचं. रात्री इंदूलाही तेच आठवलं, तिनंच मला उठवून म्हटलं. तेव्हा पुन्हा पुण्याला जा आणि तो चऱ्होलीचा मागून आण. नाही म्हणायला घाबरतोस, मागायला घाबरू नकोस. नानासाहेब देतील. पवनेत सोडायचा नाही, इंद्रायणीतही नाही. सरळ माझ्याकडे घेऊन ये, मी त्याला माझ्या देव्हाऱ्यात ठेवते.

आमची मधली भिंत एका विटेची आहे. रोज सकाळी पाणी घालताना ती बिरू, बिरू म्हणून हाक मारते. माझ्या देव्हाऱ्यापाशी ते स्वच्छ ऐकू येतं.

गळ्याला मफलर बांधून नीघ. वाट बघते.

तुझी आक्का