काकांची खरखर

चि. भिंगरी,

मावशीचे भरपूर आशीर्वाद. तू बरी असशीलच. नसलीस तरी आधी हे पत्र वाच, मग आजारी पड. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या काकांचे गुडघे कुरकुरतात, पण काका स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच हसतेस आणि माझा धागा तुटतो.

तर तुझा तो पॉडकास्ट. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून काकांचं काय झालं होतं ते तू पाहिलंयसच. धड चालणारा पंखा उघडून बसायचे. तू माइक पाठवलास, नवशिक्यांना मशीन दुरुस्ती शिकवा म्हणालीस, आणि माणूस एकदम तरुण झाला. (चक्क दाढी करून माइकसमोर बसले. मी म्हटलं, अहो, दिसणार नाहीये. तर म्हणाले, आवाजात कळतं.) ते बोलणार आणि मी एडिट करणार ही वाटणी तुझी, तेव्हा पुढे जे झालं त्याचं निम्मं पाप तुझ्या माथी.

तू म्हणालीस, मावशी, सोप्पं आहे, नको तो तुकडा निवडायचा आणि उडवायचा. अगं, यात एवढं सुख आहे हे आधी का नाही सांगितलंस? लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं बोलणं मधेच थांबवायची सोय मला पहिल्यांदाच मिळाली. आधी त्यांचं ‘म्हणजे कसं असतं बघा’ उडवलं. मग खोकला उडवला. मग माझ्या चहाबद्दलचा एक शेरा उडवला (त्याचा मशीनशी काही संबंध नव्हता, आणि चहा चांगला होता). हात असा बसला की जिथे पडद्यावर आवाजाच्या लाटा बारीक दिसतील तिथे न ऐकताच कात्री चालवायला लागले. शेवटी तू सांगितलेलं खरखर साफ करायचं बटण दाबलं, तर सगळं कसं लख्ख! मी स्वतःवरच खूश होऊन काकांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि शेजारच्या खुर्चीत कौतुकाची वाट बघत बसले.

काका हेडफोनही इतका मोठ्यांदा लावतात की मला सगळं ऐकू येत होतं. आतले काका म्हणाले, आता मशीनचा हा आवाज नीट ऐका. पुढे चिडीचूप. मग म्हणाले, ऐकलंत? सुई वाकडी आहे. आता हा ऐका. पुन्हा शुकशुकाट. बघा, तेल संपलंय! अगं, तुझ्या त्या बटणाने खरखर समजून अख्खं मशीनच धुऊन काढलं होतं. मी फिस्सकन हसले, आणि मग ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काकांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. राहू दे, म्हणाले, मशीनचं आता कोणाला ऐकायचंय. आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. भांडले असते तर मी दोन हात केले असते, पण हे असं गप्प जाणं!

मग मीच बसले कंबर कसून, कापलेलं एकेक परत आणत. त्यात न ऐकता छाटलेला एक तुकडा निघाला. आधी दाराची बेल, मग माझ्या चपलांची फटफट दाराकडे जाते, आणि मग काका, अगदी दबक्या आवाजात. ही गेलीय तोवर सांगतो, म्हणतात. मशीन मला कळायचं, पण माणसं हिला कळायची. मी गिऱ्हाइकावर खेकसायचो आणि ही त्याला हसून बसवून घ्यायची, म्हणून आमचं दुकान चाललं. हिला सांगू नका, डोक्यावर बसेल.

भिंगरे, मी रडले. मग ते शेवटचं वाक्य आठवून चिडले. मग डोळे पुसून मशीनची खडखड हेडफोनशिवाय, घरभर घुमेल अशी लावली. गॅलरीतून आरोळी आली, सुई वाकडी! आणि आरोळीपाठोपाठ काका. आता सगळी खरखर जशीच्या तशी आहे, खोकल्यासकट (चहाचा शेरा तेवढा नाही), आणि काका घरभर शीळ घालत हिंडताहेत. मीही खूश आहे, खूप खूश आहे, उगाच कशाला लपवू?

तुझी कात्रीवाली मावशी

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच की! माझं कौतुक शाबूत ठेवून ‘डोक्यावर बसेल’ एवढंच कसं उडवायचं? दोन्ही इतकी चिकटून आहेत की एक कापलं की दुसऱ्याचं शेपूट जातं. भाग लोकांपुढे जायच्या आत कळव. आणि काकांपाशी अवाक्षर काढू नकोस. मी ते ऐकलंय हे त्यांना माहीत नाही.

आणखी ता. क. मी डिंक शोधायला आत गेले तेवढ्यात काकांनी हे पत्र वाचून काढलं. आता दारात उभे राहून लबाडासारखे हसताहेत. म्हणतात, कापायला तूच बसणार हे मला ठाऊक नव्हतं होय? तेव्हा उडवायचं राहू दे. तो दबक्या आवाजातला तुकडा तेवढा मोठ्या आवाजात कसा करायचा, ते कळव.