टाचेवरचा भरवसा

११ जानेवारी १९८६, बर्फाच्या कडेवरून

प्रिय जयमाला,

घाबरत घाबरतच लिहितोय. इथे सूर्य मावळतच नाही, आभाळाच्या कडेने नुसता फिरत राहतो. शास्त्रज्ञांच्या तळासाठी आणलेला शिधा, लाकडं आणि तेलाची पिंपं जहाजातून बर्फावर उतरवायची, घसरगाड्यांवर रचायची, हे आमचं काम. मध्येच खालून कडाड आवाज येतो. सगळ्यांचे हात थांबतात. मग कुणीतरी उगाच हसतं आणि काम पुन्हा सुरू होतं.

तुझा भाऊ मात्र कालपर्यंत मजेत होता. पंढरीने माझी कानटोपी पळवली, तू दिलेला सुका जवळाही संपवला. बर्फ पाहून त्याला पहिल्यांदा आठवलं ते आपलं जासईचं मिठागर! निघताना तुझ्या आईने त्याचा हात माझ्या हातात दिला, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, काळजी करू नका.

मिठागरात माझे बाबा मिठाच्या कडक पापडीवर टाच आपटून बघायचे, आठवतं? आवाज भरीव आला की खुशाल पाय टाकायचा. इथे आल्या आल्या मी तेच केलं आणि पंढरीलाही तेच करायला सांगितलं. काल एकटाच पिंप आणायला गेलो. टाच आपटली, आवाज भरीव आला आणि पाय मांडीपर्यंत आत गेला. मिठागरात खाली चिखल असतो गं, इथे समुद्र आहे. कसाबसा वर आलो, विजार गुपचूप वाळवली. सगळे हसतील म्हणून कुणाला बोललो नाही.

आज सकाळी माझी पाळी होती, पण पाय उचलेना. ताप आहे असं सांगून पडून राहिलो. पंढरीने माझ्या अंगावर पांघरूण घातलं. म्हणाला, "तुमी पडा दाजी, मी जातो. आपली टाच हाय ना!" तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

आता धुकं उतरलंय. गेलेल्या चौघांपैकी तिघे परत आले, पंढरी नाही. त्याला दिशा कळावी म्हणून जहाजाचा भोंगा सारखा वाजतोय. मला तो ऐकवत नाही. कप्तानाला आत्ताच सगळं खरं सांगितलं. कमरेला दोर बांधून शोधायला मी उतरतोय, हातात काठी घेऊन. हे पत्र स्वयंपाकी किसनकडे ठेवतो. पंढरीला घेऊन आलो तर हे पत्र चुलीत घालीन आणि तुला नुसती खुशाली कळवीन. पण हे तुझ्या हाती पडलं, तर आईंना खरं काय ते सांग. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

तुझाच,
सिताराम