अकॉर्डियनवाल्याचा राजीनामा

३ मार्च
ठरलं. या महिन्यात बँड सोडायचा. पंचवीस वर्षं लोकगीतं वाजवली आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी ढोलवाल्याने माझ्या डोक्यावर पीठ ओतलं. लोक हसतात म्हणे. संगीतशाळेच्या प्राचार्यांनी महिनाअखेरपर्यंत शिक्षकाची जागा राखून ठेवली आहे. स्वच्छ खोली, खुर्ची, पीठ नाही. उद्याच आमच्या म्होरक्याला तोंडावर सांगणार.

४ मार्च
नाही सांगितलं. म्होरक्याची दाढ ठणकत होती. माणुसकी म्हणून काही असतं.

९ मार्च
दाढ काढली. स्वारी एकदम खुशीत. कशाला उगाच मूड घालवा?

१५ मार्च, दुपार
अकॉर्डियनचा भाता उघडून साफ केला. वाटीभर पीठ निघालं. बायकोला म्हणालो, ही कलावंताची किंमत! ती म्हणाली, आधी सोडून दाखवा, मग बोला. सोडणारच आहे. उतावीळपणा माझ्या स्वभावात नाही, इतकंच.

२२ मार्च
सांगायलाच गेलो होतो. त्याने माझ्यासाठी नवी टोपी शिवून आणलेली. कोंबड्याची, लाल तुऱ्यासकट. डोक्यावर चपखल बसली. आता लगेच कसं बोलायचं?

२८ मार्च, सकाळ
मास्टर प्लॅन! एकट्यात गाठलं की तो मला बोलण्यात गुंडाळतो. म्हणून आज भर कार्यक्रमात, माइकवरून राजीनामा. प्राचार्यांना पहिल्या रांगेचा पास दिलाय. साक्षीदार हवा.

२९ मार्च
काल रात्री जाहीर केलं. मी हा बँड कायमचा सोडतोय, इथे माझा जीव गुदमरतो. टाळ्या. शिट्ट्या. ओरडून सांगितलं, थट्टा नाही, खरंच! लोक पोट धरून लोळायला लागले. तेवढ्यात पीठ. दाराकडे निघालो तर चौघांनी उचलून परत आणलं. टोपी काढायची राहिली होती, हे घरी आल्यावर कळलं. म्होरक्या डोळे पुसत म्हणाला, इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंस?

३० मार्च
प्राचार्यांचा फोन. हसू आवरत नव्हतं. म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला वर्गात कोंडणं पाप आहे, जागा दुसऱ्याला दिली. बायकोला सांगितलं, मीच नको म्हटलं. तिने कोंबड्याची टोपी झटकून खुंटीला अडकवली.

५ एप्रिल
राजीनामा आता कार्यक्रमाचा शेवटचा आयटम. म्होरक्याची सूचना: जीव गुदमरतो म्हटल्यावर जरा थांबत जा, हशा कापला जातो. मला रडू फुटलं. म्हणालो, अरे, मला खरंच जायचंय. तो म्हणाला, हां, अगदी याच सुरात.

११ एप्रिल
आज वन्स मोअर आला. पुन्हा राजीनामा दिला.