प्रीसांच्या बागेतून

प्रिय मॅरियन,

नाताळच्या कार्डापलीकडे आपण एकमेकांना काही लिहीत नाही, आणि कार्डावरही मी सही पूर्ण नावाने करतो. तेव्हा हा जाड लिफाफा पाहून तुला वाटेल, गावात कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. गेलीच तर एक वाट जाईल, तुमच्या बागेतली. तुमच्या म्हणजे आता ॲशवर्थ यांच्या. तुझ्या वडिलांच्या पश्चात तुम्ही शेत विकलंत आणि या माणसाने पहिल्याच वसंतात बागेच्या वरच्या फाटकाला साखळी लावली, खाली चर्चच्या बाजूला तार ओढली. माणूस वाईट नाही. मला चहा दिला आणि म्हणाला, "गोडसॉल, माझ्या मुलींचे घोडे बुजतात हो. नकाशात वाट दाखवा, उद्या तार काढतो." नकाशात ती वाट नाही. कधीच नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही, म्हणून मी चहा संपवला आणि उठलो.

रविवारचा फेरा तसाच आहे. चर्चच्या फाटकातून निघायचं, यूच्या झाडाखालून मागच्या शेतात, तिथलं फिरतं फाटक (त्याची बिजागरी मी दोनदा बदलली, तरी कुरकुरतंच), मग ओढ्यावरची फळी, मग चढ. बार्लीच्या शेतातून बेडोज दरवर्षी माणूसभर रुंदीची वाट मोकळी ठेवतो. ठेवतो म्हणजे मी आठवण करतो तेव्हा. यंदा म्हणाला, "क्लेम, तू मेलास की या वाटेवर पहिल्यांदा मीच नांगर फिरवीन." मी म्हटलं, "मग मला तुझ्यानंतर मरायला हवं." टेकडीवर मेंढ्या, पलीकडे अपर मार्ल गाव, तिथे 'बेल' पबमध्ये अर्धा ग्लास सायडर, आणि परतीला उतारावरून थेट तुमची बाग: डावीकडे सफरचंदं, उजवीकडे दारूच्या पेअरची जुनी उंच झाडं, मध्ये तुमचं स्वयंपाकघर आणि खाली चर्च. बाग वगळली तर फेऱ्याची टोकं जुळत नाहीत. मग हमरस्त्याने परतावं लागतं, आणि त्याला कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. मागच्या महिन्यात हिल्डा प्रोबर्ट दुधाच्या टँकरला बाजू देताना चरात बसली. तिला वर काढायला दोघं लागले आणि दोघांनाही तिने शिव्या दिल्या. त्या दिवसापासून म्हातारी माणसं टेकडीपर्यंत जातात आणि आल्या वाटेने परततात. काही जण जातच नाहीत.

गावच्या वाटांचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे लढायचं ठरलं तेव्हा सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी जिवंत झाडांची कुंपणं घालणारा माणूस. खोड अर्धंअधिक कापून आडवं निजवायचं, तरी ते जिवंत राहायला हवं, हे मी मोडक्या कुंपणांवरून आणि ग्रंथालयातल्या दोन पुस्तकांवरून शिकलो. कायदाही तसाच शिकलो. तो सोपा आहे. गावाने एखाद्या वाटेवर वीस वर्षं सलग ये-जा केली असेल, तर ती वाट गावाची होते. अट एवढीच की जाणं बळजोरीचं नको, चोरून नको आणि विचारून नको. मालकाने परवानगी दिली असेल तर ती त्याची मेहेरबानी, आणि मेहेरबानीचा हक्क होत नाही. मी हे गावच्या हॉलमध्ये उभं राहून नीट समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि घरी जाऊन जबान्या लिहिल्या.

काउंटीच्या कचेरीतून सॅडलर नावाचा तरुण आला, त्याने त्या वाचल्या आणि चष्मा काढून डोळे चोळले. आपली माणसं तुला ठाऊक आहेत. एकाही जबानीत नुसतं 'मी जात होतो' असं नाही. प्रत्येकाने लिहिलं होतं की मिस्टर प्रीस फार चांगले, त्यांनी आम्हाला नेहमी खुशीने जाऊ दिलं. विल्फ बॅगटने तर लिहिलं की तो लग्न करून आला तेव्हा टोपी काढून रीतसर विचारायला गेला होता. हिल्डाने वर जोडलं की ती दर नाताळला आभाराचा केक नेऊन द्यायची. सॅडलर तिला म्हणाला, "बाई, तुमच्या केकनेच वाट अडवली." हिल्डा म्हणाली, "मग काय फुकट जायचं होतं? आमच्यात नाही तशी पद्धत." तुझ्या वडिलांना कुणी चांगलं म्हणायचं नाही हे मी हॉलमध्ये सांगायला हवं होतं. पण मेलेल्या माणसाबद्दल कुणी आपण होऊन चांगलं बोलेल, आणि तेही तुझ्या वडिलांबद्दल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

राहिले नव्याने आलेले काही लोक. त्यांनी कुणाला विचारलं नाही, पण त्यांची वीस वर्षं भरत नाहीत. आणि राहिलो मी. सॅडलर म्हणाला, "तुमची एक जबानी पक्की असली, तर बाकीच्यांची तिला टेकू देऊन उभी राहतील. तुम्हाला कुणी परवानगी दिली नव्हती ना?" मी म्हटलं, पाहून सांगतो. तो हसला. त्याला वाटलं असावं, म्हाताऱ्याला कागद चाळायचे आहेत. मी म्हातारा नाही, आणि पाहायला माझ्याकडे कागदही नाही.

माझ्याकडे आहे तो एक रविवार. त्याआधी मी तुमच्या बागेतून जात नसे, हे तुला आठवत असेल. सगळं गाव जायचं आणि मी हमरस्त्याने. लेडबरीच्या बाजारात तुझे वडील चारचौघांत म्हणाले होते, "हा गोडसॉल, पुस्तकात वाचून कुंपण घालतो. मेंढ्यांनाही वाचायला शिकव म्हणावं, म्हणजे त्या ओलांडणार नाहीत." लोक हसले. विनोद बरा होता. पण मी ठरवलं की या माणसाच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, आणि बरीच वर्षं ठेवला नाही. मग त्या रविवारी मी उतरून येत होतो, तर तू वरच्या फाटकात उभी. हातांना पीठ, कोपराने फाटक ढकललेलं. म्हणालीस, "चल ये. बाबांना विचारलंय मी." मी विचारलं, "काय म्हणाले?" तू म्हणालीस, "जाऊ दे म्हणाले. आता येतोस की मी पीठ वाळवत उभी राहू?" मी आलो. त्यानंतर तू एडिनबरोला गेलीस, कीथशी लग्न केलंस, आणि मी येतच राहिलो, वीसहून जास्त वर्षं. खिडकीत आधी तू असायचीस, मग तुझी आई, मग कुणीच नाही. फेरा त्याच वाटेने होत राहिला.

त्या वाक्याचा मी तेव्हा सरळ अर्थ घेतला. घराने सौजन्य दाखवलं, मी ते स्वीकारलं. बाजारातल्या बोलण्याची भरपाई असावी, असंही वाटलं. त्यापलीकडे काही अर्थ घ्यायला मला कारण नव्हतं, आणि घ्यायचा म्हटलं असतं तर तुझ्या वडिलांचं खाऊन-पिऊन त्यांच्याच घरात डोकावल्यासारखं झालं असतं. म्हणून मी टोपीला हात लावायचो आणि पुढे जायचो. तू काचेवर बोटाने टकटक करायचीस. एवढंच.

आता जबानी लिहायला बसलो तेव्हा तुझे वडील आठवू लागले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एकदाच बोलले. वाऱ्याने पेअर पडल्या होत्या, मी एक उचलली, तर म्हणाले, "खाऊ नकोस, तोंड वाकडं होईल." एरवी काठीवर टेकून नुसते पाहायचे. एकदा, तू गेल्याच्या पुढच्या हिवाळ्यात, ते झाडाखालून चार पावलं माझ्याकडे आले, काहीतरी विचारायचं असल्यासारखे थांबले, आणि बदकांना हाकलत परत गेले. मी तो त्यांचा स्वभाव धरला. आज मला वाटतं, परवानगी दिलेला माणूस असा पाहत नाही. 'हा इथून कसा काय जायला लागला' असं ज्याला कळत नाही, तो असा पाहतो.

सुनावणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे, आणि तुझे वडील नसताना हे एकच माणूस सांगू शकतं. म्हणून हे पत्र. मॅरियन, तू त्यांना खरंच विचारलं होतंस का? विचारलं असशील, तर मी त्यांच्या परवानगीने जात होतो. मी तसंच लिहीन आणि वाट जाईल. तारेपलीकडे पेअर पडून कुजतील, हिल्डा घरी बसेल, आणि मी पुन्हा हमरस्त्याने येईन, त्याची मला सवय आहे. विचारलं नसशील, तर परवानगी मालकाची नव्हतीच. मग ती वाट गावाची होते, आणि त्या रविवारी फाटकात नुसती तूच, तुझ्या मनाने उभी होतीस, एवढं मला कळतं. माझ्याकडे पाहून उत्तर देऊ नकोस, गावाकडे पाहूनही नको. झालं असेल तेच लिही. उत्तर एका शब्दाचं आहे, पोस्टकार्ड पुरेल. कीथने वाचलं तरी त्याला त्यातून काही कळणार नाही.

तुझाच,
क्लेम