घाट आठवत नाय

गांधीधाम, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस, अभयचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाय, म्हणून लिहितो. अक्षराला हसू नका, माझी शाळा तुम्ही बघितलेली हाय. तब्येत बरी.

एक झालं. ट्रेलरवर मार्बल भरून आबूकडचा घाट उतरलो. खाली टोलनाका दिसला तवा कळलं, घाट सरला. झोप नव्हती, डोळे उघडे होते. पण एकपण वळण आठवत नाय. शेठचा फोन सारखा चालू, कुठं पोचला म्हणून. पुन्हा तोच माल आणायचाय. आता त्या घाटाचं भ्याव वाटतं.

तुम्ही एसटीवर होते तवा कन्नड घाटाच्या तोंडाशी उतरून लोखंडी टामीनं टायर ठोकायचे. प्रवासी कावायचे, कचरू डायवर भित्रा म्हणायचे. मी पण हसायचो. एवढे खराब होते का टायर?

आईला सांगू नका. माया असू द्यावी.

तुमचा अभय

हर्सूल, छ. संभाजीनगर, २१ जानेवारी

चि. अभयला बाबांचा जयभीम, आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईनंच फोडलं. आईला सांगू नका, हे पण तिनंच माझ्या कानाशी ओरडून वाचलं. गल्लीला कळलं. ती म्हणती, गाडी सोड अन् घरी ये. मी तसं म्हणत नाय.

टायर चांगले होते. डेपोतून तपासूनच गाडी निघायची. गाडी घाटाशी यायची, पण माझं डोकं मागं डेपोतच भांडत बसलेलं असायचं. ते येईस्तोवर चाकं ठोकत फिरायचो. माणसासाठी थांबलं की लोक अंगावर येतात, गाडीसाठी थांबलं की नुसते कावतात.

तू पण घाटाच्या तोंडाशी थांब, फोन केबिनमधी ठेवून चाकं ठोकत फिर. मग स्टेरिंगवर बस.

आई रागात हाय, जीव तुझ्यातच हाय. खुशाली कळव.

बाबा

गांधीधाम, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस जयभीम. पत्र आईच फोडणार, म्हणून दोघांना लिहितो.

घाटाच्या तोंडाशी थांबलो. आई, गाडी सोडत नाय.

फोन केबिनमधी वाजत ऱ्हायला. आधी टायर दिसलेच नाय, शेठच दिसत होता. फिरत ऱ्हायलो. मग कधीतरी टामीचा आवाज यायला लागला. केबिनमधी चढून शेठला सांगितलं, टायर बघत होतो. तो म्हणला, नीट बघत जा, घाई नको.

मग घाट उतरलो. वर पिराचा हिरवा झेंडा हाय. पुढं माकडं, मग दरीत गंजलेला एक ट्रक. शेवटच्या वळणावर एक म्हातारी शेरडं घेऊन बसती. तिनं ओळखीच्याला करावा तसा हात केला. म्हणजे दरवेळी करत असंल.

या खेपेला मी पण केला.

दोघांची माया अशीच ऱ्हाऊ द्या.

अभय