लॉर्डची आई

डार्मश्टाट,
५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू देऊ नकोस त्यांना. इकडे थंडी सुरू झाली. ब्रायन अजून घरातलं हायत्सुंग, म्हणजे हीटर, लावू देत नाही, त्यामुळे मी शाल पांघरूनच लिहायला बसले आहे.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी विषय बदलते. "कबीर बरा आहे, परीक्षा आहे त्याची," एवढंच सांगते आणि भाजीपाल्यावर येते. परीक्षा कधीच संपली, ताई.

त्या लॉर्डपणाचं पुढे काय झालं, हे तू विचारलंस. उन्हाळ्यात ब्रायनचे थोरले काका आयर्लंडमध्ये वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि माझे सासरे तर केव्हाच गेले, म्हणून 'बॅरन बॅलीकेरा' हा किताब ब्रायनकडे आला. जमीन नाही, घर नाही. जे होतं ते त्याच्या पणजोबांनीच विकलं. राहिलं नुसतं नाव. ब्रायन हसला. "आता पिझ्झा मागवताना काय नाव सांगू?" म्हणाला. मी मात्र त्याच संध्याकाळी सगळ्यांना फोन केले. तुलाही. आपण दोघी किती हसलो होतो! मी तेव्हा म्हटलं होतं, "बघ, मी लॉर्डची बायको, उद्या लॉर्डची आई."

ते मी इथल्या मंडळातही बोलले. मग काय, आमचे अध्यक्ष विनय यांना तेवढंच हवं होतं. गणपतीत आरती झाल्यावर त्यांनी माइक घेतला. कबीर कॉलेजमधून, कायझर्सलाउटर्नहून, मुद्दाम आला होता. त्याला पुढे बोलावून विनय म्हणाले, "हे आपले उद्याचे लॉर्ड!" टाळ्या पडल्या. कबीर कानापर्यंत लाल झाला, पण हसला. मोदक वाढायचे आहेत म्हणून तिथून सटकला.

त्या दिवशी ब्रायनच्या धाकट्या काकांचा मुलगा ओवेन आमच्याकडे आला होता. हेच कागदपत्रांचं बोलायला. त्यालाही हॉलवर नेलं होतं. साधा, भला माणूस. तो माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होता, मग थांबला आणि म्हणाला, "लतिका, यांना कुणी सांगितलं नाही का? दत्तक मुलाला किताब मिळत नाही. ब्रायननंतर तो माझ्याकडे येईल, मग माझ्या मुलाकडे."

त्याचा आवाज मोठा. पुढच्या रांगेत मंडळातली सुरुची होती, तिने मान वळवली. मी ओवेनचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "प्लीज, इथे कुणाला माहीत नाही. बोलू नका."

कबीर आमच्या मागे उभा होता. दोन्ही हातांत आमच्यासाठीच आणलेल्या मोदकांच्या प्लेट्स.

खरंच कुणाला माहीत नव्हतं, ताई. आधी वाल्डॉर्फ गावात राहायचो, तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. कबीर तर शाळेत स्वतःच सांगायचा. इथे आलो तेव्हा मंडळातल्या एका बाई म्हणाल्या, "डोळे अगदी तुमचे घेतलेत हो मुलाने!" मला ते इतकं आवडलं की मी नुसती हसले. पुढे सांगायचं राहून गेलं, असं मी ब्रायनला म्हटलं. राहून गेलं नव्हतं. मला सांगायचं नव्हतं.

कबीरने प्लेट्स खुर्चीवर ठेवल्या. जर्मनमध्ये विचारलं, "आई, तुला माझी लाज वाटते?"

यावर मी काय म्हटलं असेल? तू असतीस तर त्याला जवळ घेतलं असतंस. मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हटलं, "हळू बोल."

एवढंच. हळू बोल.

तो त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

ब्रायन ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. आयरिश किताब नको म्हणून परत करता येत नाही म्हणे. नोंदणीला अर्ज केला नाही तर तो नुसता पडून राहतो. "मी अर्ज करणार नाही," तो म्हणाला. ते कळल्यावर कबीरने त्याला फोन केला. "पापा, माझ्यासाठी सोडू नकोस. तुझ्या काकांचं नाव आहे, घे." दोघं एकमेकांसाठी सोडायला तयार. जिला मिरवायचं होतं ती मी एकटीच.

मग मी विनयना फोन करून सांगितलं, कबीर दत्तक आहे. ते म्हणाले, "अहो लतिकाताई, मग दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार कुणाचा करायचा?" मी म्हटलं, "कुणाचाच नाही. पण मी लपवलं होतं, हे सगळ्यांना सांगा." सुरुची दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली आणि सहा वेळा म्हणाली, "आम्हाला काही फरक पडत नाही हो." मला पडला होता, हे तिला कसं सांगू?

गेल्या शनिवारी मी कायझर्सलाउटर्नला गेले. कबीरने चहा केला, आलं घालून. मी माफी मागितली. "हो, आई, ठीक आहे," जर्मनमध्ये म्हणाला. पाहुण्याशी बोलावं तसा. निघताना मात्र मराठीत म्हणाला, "डिसेंबरमध्ये मी नाशिकला मावशीकडे जातोय. एकटाच." मला 'येतेस का' म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

ब्रायनकडून कळलं, तो तुला घेऊन त्याच्या दत्तक संस्थेत जाणार आहे. त्याला तिथे ने. आपण त्याला आणायला गेलो तेव्हा तू माझ्याबरोबर होतीस. मी त्याला पहिल्यांदा उचललं, तेव्हा माझा चेहरा कसा होता, हे मला स्वतःला माहीत नाही. तू पाहिलास. त्याने विचारलं तर सांग. माझी बाजू घेऊ नकोस, गोड करून सांगू नकोस. जे दिसलं होतं तेच सांग.

आणि तेव्हाही मी आधी लोकांकडेच पाहत होते, असं तुला आठवत असेल, तर तेही सांग. त्याला. मला नको.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
लतिका
(लिफाफ्यावर माझ्या नावाआधी ब्रायनने गमतीने 'लेडी' लिहिलं होतं. मी लिफाफा बदलला.)